मोटारीतील बारनिशी

चोपडा तालुक्यास रेल्वे नाही. तापीच्या दक्षिणेकडून धरणगाव, अमळनेर अशी स्थानके घेत सुरतेकडे जाणारा लोहमार्ग आमच्या गावास न शिवता गेला आहे, आणि उत्तरेस सातपुडा असा आडवा पडला आहे, की त्या दिशेने आगगाडी येण्याची आशा बाळगण्याचेही काही प्रयोजन नाही. त्यामुळे केळीचे घड असोत, कापसाच्या गाठी असोत की लग्नाचे वऱ्हाड असो, चोपड्यातून जे बाहेर जावयाचे आणि बाहेरून जे चोपड्यात यावयाचे, ते सर्व मोटारीनेच. अशा गावात मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. ती लोकमताचा विषय होऊन बसते. शेतमालाचे भाव, निवडणूक आणि मधुमेह या विषयांप्रमाणेच मोटारीवरही येथील प्रत्येक गृहस्थास अधिकारवाणीने बोलता येते, आणि ऐकणारा मिळो वा न मिळो, तो बोलतोही.

या अधिकारवाणीचे स्वरूप मात्र अलीकडे पालटले आहे. पूर्वी गाडी रस्त्यात उभी राहिली, म्हणजे भोवती जमलेल्या मंडळींत निदान चार मते तरी पडत: कोणी म्हणे डिझेलात पाणी आहे, कोणी म्हणे नळीने हवा धरली, कोणी बॅटरी उतरल्याचे सांगे, आणि एखादी म्हातारी गाडीला दृष्ट लागल्याचे स्पष्ट सांगून मोकळी होई. आता हा मतभेद संपुष्टात आला आहे. “सेन्सर गया,” असे पहिला म्हणतो आणि उरलेले माना डोलावतात. कोणता सेन्सर, तो मुळात होता कोठे आणि गेला म्हणजे त्याचे नेमके काय झाले, हे विचारणे शिष्टाचारास सोडून समजले जाते. ज्या काळी यावल रस्त्याने काळ्या-पिवळ्या जीपगाड्या धावत, त्या काळी गाडीत सेन्सर नसे. फळीवर इंधनाचा, तेलाच्या दाबाचा, पाण्याच्या उष्णतेचा आणि विजेचा असे चार काटे असत, व त्यांपैकी जो हालतो तो बिघडलेला आणि जो हालत नाही तो विश्वासू, अशी चालकवर्गाची दृढ समजूत असे. गाडीची सारी ज्ञानेंद्रिये खुद्द चालकाच्या देहात वास करीत. उतारूंच्या गर्दीमुळे त्याचे अर्धे अंग गाडीबाहेर लोंबत असे, आणि त्या अर्ध्या अंगानेच तो इंजिनाचा आवाज, जळक्या तेलाचा वास आणि मागच्या चाकाची डगडग या तिन्ही वार्ता एकाच वेळी ग्रहण करी. वार्ता घेणारा आणि तिच्यावर हुकूम देणारा इसम एकच असल्यामुळे दळणवळणाचा प्रश्नच उद्भवत नसे.

तो आता उद्भवला आहे, आणि त्या प्रश्नावर आमच्या घरातील एक माणूस उपजीविका करतो. नाशिकच्या सिडकोत निम्मे खानदेश जाऊन राहिले आहे हे सर्वश्रुतच आहे; माझा पुतण्याही तेथेच असतो आणि मोटारीची विजेची अंगे तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. मोटारीत डझनावारी सेन्सर व तितकेच लहान-मोठे संगणक असतात. त्यांपैकी कोणाचा मजकूर कोणत्या तारेने, किती वेळाने आणि कोणाच्या आधी पाठवावा हे ठरविणे, एवढेच त्याचे काम. एवढ्यासाठी कोणी दरमहा पगार देत असेल, यावर घरातील वडीलधाऱ्यांचा अद्याप विश्वास नाही. म्हणून मुलीकडच्यांशी बोलताना आम्ही “मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे” एवढेच सांगतो आणि विषय केळीच्या भावाकडे वळवतो.

त्याच्या कामाचे मर्म घरात प्रथम कोणास उमगले असेल, तर ते आबांना. आबा म्हणजे माझे थोरले काका, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कचेरीचा विषय निघाला म्हणजे ते शुद्ध मराठीत बोलतात, आणि संतापले म्हणजे अहिराणीत. दिवाळीच्या सुटीत जेवणे आटोपून मंडळी ओट्यावर बसली असता पुतण्याने आपल्या कामाचे वर्णन केले, ते त्यांनी सुपारी कातरीत शांतपणे ऐकून घेतले आणि निर्णय दिला, “म्हणजे तू बारनिशीत आहेस.” आलेला प्रत्येक कागद नोंदवून घेऊन ज्याच्या त्याच्या मेजावर पोहोचता करणारी आणि गेलेल्या प्रत्येक कागदाचा हिशेब ठेवणारी जी कचेरीची शाखा, तिच्यावाचून मामलेदारासही आपल्या तालुक्यात काय चालले आहे हे कळत नाही, तेव्हा या निर्णयात पुतण्याचा अपमान नव्हता, बढतीच होती. पायरीवर बसलेल्या आमच्या चालकानेही त्याच्याकडे त्या दिवशी प्रथमच आदराने पाहिले.

पुढे जे संभाषण झाले ते मी येथे नोंदवीत आहे, कारण मोटारीच्या पोटात चाललेल्या या कारभाराची इतकी कसून तपासणी एखाद्या परदेशी विद्वत्सभेतही झाली असेल असे मला वाटत नाही.

पुतण्याने इतिहासापासून आरंभ केला. पूर्वी ज्याला ज्याची वार्ता हवी, त्याच्यापर्यंत स्वतंत्र तार ओढावी लागे. गाडीचा वेग फळीवरील काट्याला हवा, ब्रेकच्या संगणकाला हवा, इंजिनाला हवा, आणि वेग वाढताच आवाज आपोआप वाढविणाऱ्या रेडिओलाही हवा. म्हणजे एका वार्तेच्या चार तारा. खाती वाढत गेली तसतसा तांब्याचा भार वाढला आणि दाराच्या बिजागरीतून तारांची मोळी जाईना. तेव्हा जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली या प्रश्नास हात घातला, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मोटार-अभियंत्यांच्या परिषदेपुढे आपली योजना मांडली. तिचे नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, लोकांच्या तोंडी कॅन. १९९३ साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. बॉश हे नाव आबांना परके नव्हते. नाशिकच्या सातपुरात तिचा डिझेलचे नोझल बनविणारा कारखाना आहे, आणि त्याच्या पगारावर खानदेशातल्या किती विहिरी खोल झाल्या हे ते जाणून होते. या योजनेत सर्व खात्यांमध्ये मिळून एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोनच तारा असतात, आणि सर्व खाती त्यांवरच आपापला कारभार करतात.

“एका तारेवर सगळी खाती? मग बोलतो कोण आणि ऐकतो कोण?” आबांनी विचारले.

“सगळेच बोलतात, आबा, आणि सगळेच ऐकतात.”

“हाई कचेरी शे का बाजार?” आबा अहिराणीत उतरले.

पुतण्याने धीराने समजावून सांगितले, की या तारेवरील कागदावर प्रति कोणास हे लिहिलेलेच नसते. केवळ विषयाचा क्रमांक असतो. वेगाचे खाते “वेग इतका” असे तारेवर सोडून देते. ज्याला गरज असेल त्याने ते उचलावे, ज्याला नसेल त्याने कानाआड करावे. ज्या कोणास कागद शाबूत मिळाला, तो जागच्या जागी एका खुणेची पोच देतो. मात्र ती कोणी दिली हे पाठविणाऱ्यास समजत नाही, आणि कोणीच न दिल्यास तो तोच कागद पुन्हा पाठवितो. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. “प्रति नाही, जावक क्रमांक नाही, सही नाही, शिक्का नाही, आणि पोच कोणाची हेही ठाऊक नाही! याला कचेरीच्या भाषेत निनावी अर्ज म्हणतात, आणि निनावी अर्ज दप्तरी दाखल करावयाचा असतो, त्यावर गाडी चालवावयाची नसते.” हा आक्षेप वाचकांनी ध्यानात ठेवावा, त्या रात्री आम्ही सर्व त्यावर हसलो होतो.

कागदाच्या लांबीविषयी मात्र आबांचे मत तत्काळ अनुकूल झाले. एका कागदावर फार तर आठ बाइट मजकूर, म्हणजे रोमन लिपीतील आठ अक्षरे मावतील इतकीच जागा. “उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर” एवढ्यातच जिथे जागा संपून जाईल, तिथे माणसाला कामाचेच बोलावे लागते, हे त्यांनी कबूल केले. या काटकसरीचा एक नमुना तर त्यांना इतका भावला, की त्यांनी तो दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी सांगितला. इंजिनातील पाण्याची उष्णता तपासणीच्या वेळी एका बाइटात लिहितात, आणि लिहिताना तीत ४० मिळवितात, जेणेकरून शून्याखालील ४० अंशांपर्यंतची थंडीही ऋणचिन्हावाचून सांगता यावी. म्हणजे मे महिन्यात चोपड्याच्या बाजारपेठेत दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतील पाणी ४५ अंशांवर गेले, की ती प्रामाणिकपणे ८५ असे लिहून कळविते, आणि वाचणारा त्यातून ४० वजा करून घेतो. जी थंडी या तालुक्याने कल्पांतापर्यंत पाहावयाची नाही, तिच्यासाठी येथील प्रत्येक मोटारीत तरतूद राखून ठेवलेली आहे, हे ऐकून आबांचा चेहरा उजळला. खर्ची पडण्याचा संभव नसलेली तरतूद दरसाल पुढे ओढणे, हे त्यांना सुव्यवस्थित राज्यकारभाराचे लक्षण वाटते.

यानंतर मुख्य प्रश्न आला: दोघे एकदम बोलू लागले तर? पुतण्या म्हणाला, की या योजनेची खरी करामत तेथेच आहे. प्रत्येक विषयाला क्रमांक दिलेला असतो, आणि क्रमांक जितका लहान तितका त्याचा मान मोठा. तार मोकळी होताच ज्याला ज्याला बोलावयाचे आहे ते सर्व एकदमच आपापला क्रमांक उच्चारू लागतात, तोही एकेक अंक करून. आणि बोलता बोलता प्रत्येकजण तारेवर काय ऐकू येते तेही ऐकत असतो. तारेचा धर्म असा, की शून्य आणि एक हे दोन्ही एकाच क्षणी उच्चारले गेले, तर ऐकू येते ते शून्य. ज्याने एक म्हटले आणि ऐकले मात्र शून्य, तो समजतो, की आपल्याहून वरिष्ठ कोणी बोलत आहे, आणि शब्दाच्या मध्यावर गप्प होतो. वरिष्ठाचे बोलणे अडखळत नाही, त्याला पुन्हा आरंभ करावा लागत नाही. किंबहुना आपल्याबरोबर आणखी कोणी बोलत होते हे त्याच्या गावीही नसते. गप्प झालेला तार मोकळी होण्याची वाट पाहतो आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतो.

ओट्यावर काही वेळ शांतता पसरली. जेथे पाच माणसे बसली असता सहा जण एकदम बोलतात, त्या ओट्याला असल्या शिस्तीची कल्पना करावयास थोडा अवकाश हवा होता.

“आणि गप्प झालेला रुसत नाही?” आबांनी विचारले.

“नाही.”

“वशिला लावून क्रमांक खाली आणता येत नाही?”

“क्रमांक कारखान्यातच ठरतो, आबा.”

“कोण ठरवतो?”

“आम्हीच.”

आबांना हवे होते ते उत्तर मिळाले. पुतण्याला अधिक छेडल्यावर त्याने सांगितले, की हे क्रमांक वाटताना महिना महिना बैठका चालतात; ब्रेकवाला म्हणतो माझे आधी, इंजिनवाला म्हणतो माझे आधी, आणि दारे-खिडक्यांचा अभियंता अशा मुद्रेने बसतो, की जणू पाऊस आत आला तर सगळी जबाबदारी ब्रेकवाल्याची. तारेवर कोणी भांडत नाही, याचे कारण तारेची सज्जनता हे नव्हे. खात्यांच्या वाटचे भांडण माणसांनी आगाऊ भांडून ठेवलेले असते. ही गोष्ट मला त्या संभाषणातील सर्वांत मोलाची वाटली. जेथे जेथे कारभार बिनबोभाट चाललेला दिसतो, तेथे तेथे तो बोभाटा कोणीतरी, कधीतरी, बंद दाराआड उरकलेला असतो.

सगळेच कागद या तारेवर येतात असेही नाही. इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चाक असते. त्याला ६० दात्यांची जागा, पैकी दोन मुद्दाम गाळलेले, जेणेकरून फेरा कोठून सुरू झाला ते समजावे. उरलेले ५८ दाते सेन्सरसमोरून जातात, आणि इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर हा सेन्सर दर सेकंदास २९०० वेळा हाक मारतो. एवढ्या हाका सर्व खात्यांनी ऐकत बसावे तर त्यांना दुसरे काही करताच येणार नाही. म्हणून हा सेन्सर आपल्या खाजगी तारेने थेट इंजिनाच्या संगणकाशी बोलतो, आणि तो संगणक तारेवर गोषवारा तेवढा ठेवतो: फेरे ३०००. “तलाठी बांधाबांधावर हिंडतो, वर जाते ती आणेवारी,” आबा म्हणाले, आणि पुढील विवेचनाची गरज उरली नाही. अपघाताची वर्दी देणारा सेन्सरही असाच. टक्कर होताच हवेची पिशवी फुगवावयाची की नाही, हे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ठरावयाचे असल्यामुळे तो बारनिशीत पाऊलही न टाकता परभारे साहेबांच्या दालनात शिरतो.

याच न्यायाने कनिष्ठ आणि अतिवरिष्ठ वर्गांची सोय निराळी लावलेली आहे. आरसे वळविणे, काचा खाली-वर करणे असल्या बिनतातडीच्या कामांसाठी लिन नावाची एकेरी, स्वस्त तार असते. तीवर एक मुख्य आणि त्याच्या हाताखाली फार तर पंधरा जण, आणि या पंधरांनी विचारल्यावाचून तोंड उघडावयाचे नाही. तिची धाव सेकंदाला २० हजार बिट, तर कॅनची साधारणपणे ५ लाख. उलट मागे पाहणारा साधा कॅमेरा घेतला, १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचा, सेकंदाला ३० चित्रे काढणारा, आणि त्याचा ऐवज न दाबता जसाच्या तसा पाठवावयाचे मनात आणले, तर सेकंदाला ६६ कोटी बिट होतात. म्हणजे कॅनच्या ऐपतीच्या तेराशे पट. म्हणून कॅमेऱ्याचा मजकूर दाबून-घडी घालून मोटारीसाठी निराळ्या काढलेल्या इथरनेटने, नाहीतर खास त्याच्यापुरत्या ओढलेल्या तारेने पाठवितात. ज्याचे दप्तर सर्वांत मोठे त्याला स्वतंत्र वाहन मिळते, हा नियम आबांनी डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे त्यावर त्यांनी काही विचारले नाही.

दंडविधानाने मात्र ते अस्वस्थ झाले. कॅनवरील प्रत्येक खाते आपल्या चुकांचा हिशेब आपणच ठेवते. पाठविताना चूक झाली की नावे ८ गुण. कागद बिनचूक गेला की त्यांतून १ वजा. बेरीज १२७ च्या वर गेली, की ते खाते दुसऱ्याच्या चुकीवर ओरडण्याचा अधिकार गमावते. आणि २५५ च्या वर गेली, की आपल्या हातांनी तारेवरून बाजूला होते आणि मौन पत्करते. एक चूक धुऊन काढण्यास आठ सत्कृत्ये लागावीत हे आबांना रास्त वाटले. परंतु कसूरदाराने स्वतःच आपली कसूर मोजून, चौकशी अधिकारी नाही, कारणे दाखवा नोटीस नाही, स्वतःस निलंबित करावे, आणि निलंबनाच्या काळात अर्धा पगारही मागू नये, हे ऐकून त्यांनी पुतण्याकडे अविश्वासाने पाहिले. “असला एक माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही,” ते म्हणाले, “आणि पाहिला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.”

या सर्व विद्येचा प्रत्यक्ष पडताळा त्याच सुटीत आला. आमच्या घरची गाडी शेतावर भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगाजवळ एक रात्र उभी होती. सकाळी ती सुरू झाली खरी, पण फळीवर ब्रेकचा दिवा लागलेला, वेगाचा काटा शून्यावर बसलेला, आणि गाडी तर धावते आहे. यावल रस्त्यावरील मिस्तरीकडे नेताच भोवती मंडळी जमली आणि “सेन्सर गया” असा एकमुखी निकाल लागला. मिस्तरीने कोणाशी वाद घातला नाही. सुकाणूखालच्या सोळा छिद्रांच्या सॉकेटात त्याने आपले यंत्र खोचले. त्यावर यू ०१२१ अशी अक्षरे उमटली. ब्रेकचा संगणक बोलेनासा झाला, असा त्याचा अर्थ. मग त्याने बॅटरीची तार सोडली, मीटरच्या दोन सुया सहाव्या आणि चौदाव्या छिद्रात घातल्या आणि मीटर आमच्याकडे वळविला: १२०. “साठ पाहिजे होते,” एवढे बोलून तो गाडीखाली सरकला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक अडथळा बसविलेला असतो. तो नसेल तर तारेच्या टोकाशी गेलेला मजकूर परत फिरतो आणि नव्या मजकुरात मिसळतो. दोन्ही टोके जागेवर असली, की मिळून ६० भरतात. १२० भरले, म्हणजे एक टोक तुटून पडले आहे. थोड्या वेळाने मिस्तरी बाहेर आला, तो हातात तारेचा कुरतडलेला तुकडा घेऊन. भुईमुगावर ताव मारून झाल्यावर उंदराने तोंडाची चव पालटली होती.

नवा तुकडा जोडताना मिस्तरीने दोन्ही तारांना पुन्हा तसाच पीळ भरला, आणि तो शेवटपर्यंत सुटू दिला नाही. दोन्ही तारांवर मजकूर उलटसुलट जातो, एकीवर दाब चढतो तेव्हा दुसरीवर उतरतो, आणि ऐकणारा फरकच तेवढा वाचतो. बाहेरून आलेला विजेचा खरखराट पिळामुळे दोघींवर सारखाच बसतो आणि फरकातून गळून पडतो. मिस्तरीने हे सारे निराळ्या शब्दांत सांगितले: “पीळ गेला का गाडी बहिरी होते.” मीटरने ६० दाखविले, दिवा विझला, काटा हलला. सेन्सर सर्व जागच्या जागी होते. जमलेली मंडळी काहीशा नाराजीने पांगली, आणि जाता जाता एकाने “आज नही तं उद्या जाईच” असे सेन्सरचे भविष्य वर्तविले.

आता आबांच्या आक्षेपाकडे वळावयास हरकत नाही. ही कचेरी जेव्हा उभी राहिली, तेव्हा तीत बाहेरचा माणूस येण्याचा संभवच नव्हता. तारेवर जो आहे तो घरचा, आणि घरच्याकडे सही-शिक्का कोण मागणार? पुढे मोटारीला गाणी हवी झाली, नकाशे हवे झाले, मोबाइलचे जाळे हवे झाले, आणि त्यासाठी गाडीला बाहेर उघडणारी खिडकी पाडण्यात आली. २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी आपल्या घरी बसून, सेंट लुईस शहराजवळच्या हमरस्त्याने धावणाऱ्या एका जीप चेरोकीत त्या खिडकीतून प्रवेश केला. गाडी चालविणारा पत्रकार या प्रयोगास राजी होता, तथापि काय काय होणार हे त्याला सांगितलेले नव्हते. प्रथम थंड हवा सुटली, मग रेडिओ ओरडू लागला, मग पुसणी फिरू लागली, आणि शेवटी भर रस्त्यात गाडीचा जोर गेला. तारेवर आलेले हुकूम बिनसहीचे होते. परंतु तेथे सर्वच हुकूम बिनसहीचे असल्यामुळे कोणत्याही खात्यास त्यात वावगे दिसले नाही, आणि प्रत्येकाने ते निमूटपणे तामील केले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ती गाडी बनविणाऱ्या कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

तेव्हापासून मोटारीच्या कचेरीत नवी भरती झाली आहे. खात्याखात्यांच्या तारा आता सरसकट एकत्र न बांधता गेटवे नावाच्या संगणकाच्या हवाली करतात. कोणाचा कागद कोणत्या तारेवरून कोणत्या तारेवर जाऊ द्यावा, कोणता दारातच थांबवावा, याची फेरिस्त त्याच्यापाशी असते, आणि रेडिओच्या बाजूने ब्रेकच्या नावे हुकूम आला, तर तो हुकूम जागेवरच जिरतो. हा गेटवे नुसता नकार देऊन थांबत नाही. हलक्या तारेवरचे चार तुटपुंजे कागद एकत्र करून वरच्या तारेवर एक करून पाठवितो, आणि वरून आलेल्या गठ्ठ्यातून खालच्याला झेपेल तेवढेच खाली सोडतो. याखेरीज महत्त्वाच्या कागदांवर आता दोन गोष्टी उमटवाव्या लागतात: दर कागदागणिक वाढत जाणारा एक अंक, म्हणजे जुना कागद चोरून पुन्हा फिरवता येऊ नये, आणि गुप्त किल्लीने काढलेली एक खूण, म्हणजे तोतयाला तो लिहिता येऊ नये.

“जावक क्रमांक आणि शिक्का,” आबा म्हणाले.

पुतण्याने काही वेळ विचार करून ते मान्य केले. १९८३ पासून जगातील नामांकित अभियंत्यांनी अव्वल कारकुनावाचून कचेरी चालवून पाहिली. तिची वाखाणणी झाली, ती जगभर पसरली, आणि तीसेक वर्षांनी तिने शिरस्तेदार नेमला, फेरिस्त ठेवली, जावक क्रमांक घातला आणि शिक्का मारावयास घेतला. लाल फितीची जी टिंगल आपण जन्मभर करतो, ती फीत कोणा मत्सरी माणसाने केवळ आपल्याला छळण्यासाठी शोधून काढली असावी असा आपला समज असतो. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक गाठ कोणत्या ना कोणत्या तोतयाच्या स्मरणार्थ मारलेली असते. आबांनी हे इतक्या शब्दांत सांगितले नाही, पण त्या रात्री त्यांनी स्वतःसाठी दुसऱ्यांदा सुपारी कातरली.

येथेच हे प्रकरण दप्तरी दाखल झाले असते. पण आबांचा स्वभाव शोधक. सही खरी, शिक्का खरा, क्रमांक बरोबर, आणि मजकूरच खोटा, असा कागद आला तर गेटवे काय करतो, असे त्यांनी विचारले. उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत पट्टा न लावल्यास ठणाणा करणारी घंटी सक्तीची झाली आहे. तेव्हापासून चोपडा ते अमळनेर या रस्त्यावरील पुष्कळ गाड्यांत पट्टा कायमचा लावलेला असतो, फक्त तो चालकाच्या छातीवर नसून पाठीमागे असतो. आणि ज्यांना पाठीस तो टोचतो, त्यांच्यासाठी नुसता चापच विकत मिळू लागला होता. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या विक्री-संस्थळांना असले चाप काढून टाकण्याचा हुकूम दिला, यावरून त्यांचा खप ध्यानात यावा. बिचारा सेन्सर खोटे बोलत नाही. चाप खाचेत बसला आहे हे त्याने पाहिले आणि तेवढेच कळविले. कागद योग्य तारेने, योग्य क्रमांकाने, योग्य वेळी पोहोचतो, आणि गाडीतील सर्व संगणकांची अशी खात्री पटते, की चालक सुखरूप बांधलेला आहे.

“याला एकच उपाय,” आबा म्हणाले, “स्थळपाहणी.”

“तीही निघाली आहे,” पुतण्या म्हणाला. युरोपात सर्व नव्या मोटारींना चालकाची पेंग ओळखणारी व्यवस्था २०२४ पासून सक्तीची झाली आहे, आणि कित्येक गाड्यांत हे काम चालकाच्या तोंडाकडे टक लावून बसलेला कॅमेरा करतो. त्याच कॅमेऱ्याने पट्टा छातीवर आहे की पाठीमागे, हेही पाहता येते. म्हणजे बारनिशी, शिरस्तेदार आणि शिक्का यांच्यामागून आता खुद्द सर्कलसाहेबही गाडीत मुक्कामास आले.

पायरीवर बसून इतका वेळ मुकाट्याने ऐकत असलेल्या आमच्या चालकाने, ज्याच्या पाठीमागचा पट्टा एव्हाना झिजून चकचकीत झालेला आहे, या ठिकाणी प्रथमच तोंड उघडले.

“तो कॅमेरा कोठे बसाडतस, दादा?”

पुतण्याने जागा सांगितली नाही. आबांनी मात्र चालकाकडे अत्यंत आदराने पाहिले, आणि ज्या कचेरीला असा पक्षकार लाभला आहे, तिच्यात कारकुनांची भरती कधी बंद व्हावयाची नाही, असा आपल्या अनुभवाचा निर्वाळा दिला.